वणव्यापुढे दबून बसलेला ससा

काल रात्री खारघरच्या डोंगरावर वणवा लागला होता. साडेनऊपासून आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचे व्हिडिओ येऊ लागले आणि प्रत्येकाखाली बदामांची रांग. कोणी लिहिले, "दिवाळीची रोषणाईच जणू," तर कोणी सहकुटुंब गच्चीवर येण्याचे निमंत्रण दिले. रात्री रागात लिहिलेले सकाळी निस्तरावे लागते, म्हणून मी गप्प बसलो. आज पहाटे डोंगरावर जाऊन आलो आणि राग ओसरण्याऐवजी वाढला.

लहानपणी मुरबाडकडे आजोळी पाहिलेला एक वणवा माझ्या डोक्यातून कधी गेलेला नाही. शिमगा जवळ आला होता. आजोबा ओले टहाळे आपटून माळावरची आग विझवत होते आणि मी त्यांच्या मागे मागे. गवताच्या एका थोंबापाशी ससा बसला होता. आग त्याच्यापासून दहा पावलांवर होती, तरी तो हलला नाही. कान पाठीला चिकटवलेले, डोळा उघडा आणि श्वास इतका जलद की कातडी थरथरताना दिसत होती. आजोबांनी त्याला टहाळ्याने हलकेच ढोसले तेव्हा कुठे तो उसळून पळाला आणि पलीकडे दांडकी, वाघूर म्हणजे ससे धरायचे जाळे, आणि कुत्री घेऊन उभ्या असलेल्या गावातल्याच तिघांच्या पुढ्यात गेला. वणवा कोणी लावला होता हे आम्हाला तेव्हा समजले.

ससा बिळात राहत नाही. तो गवतात उथळशी बैठक करतो, त्याची पिल्ले केसांसह आणि उघड्या डोळ्यांनीच जन्मतात, आणि संकट आले की निपचित दबून बसणे हेच त्या साऱ्यांचे पहिले शस्त्र असते. घारीपासून, कोल्ह्यापासून, बंदूकवाल्यापासून ते शस्त्र त्यांना वाचवते. आगीपुढे मात्र तेच त्यांचा घात करते. लावा आणि तित्तरही असेच शेवटच्या क्षणापर्यंत दबून राहतात आणि पायाखालून भुर्रकन उठतात. रातवा हा पक्षी तर जमिनीवरच्या पाचोळ्यात अंडी घालतो. आगीच्या कडेला कोतवाल आणि नीलपंख होरपळून उडणारे किडे टिपताना दिसतात, त्यांची चंगळ होते, हे खरे. पण गच्चीवरून ना कोतवाल दिसतात, ना ससे. दिसते ती फक्त रोषणाई.

"गवत जळले की चांगला फुटवा येतो," हे ग्रुपवरचे ज्ञान मलाही ठाऊक आहे. काझीरंग्यात वनखाते स्वतः ठरवून, टप्प्याटप्प्याने गवत जाळते, हे मान्य. पण त्याच आसामात आणि नेपाळच्या तराईत हिस्पिड हेअर हा उंच गवतातला दुर्मीळ ससा आणि पिग्मी हॉग हे इवलेसे रानडुक्कर ज्या कारणांनी नष्ट होण्याच्या कडेला आले, त्यांत कोरड्या दिवसांत सरसकट गवत जाळणे हे एक ठळक कारण आहे. आणि आपल्याकडे तो कोवळा फुटवा खायला ससे, भेकरे उघड्यावर येतात तेव्हा आडोसा उरलेला नसतो. ज्याला मारायचे असते त्याने नुसते वाट पाहत बसायचे. फुटवा कोणासाठी येतो, हे ज्ञान वाटणाऱ्यांनी एकदा सांगावे.

1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या वाचण्यासारखी आहे. मारणे तर त्यात आहेच, पण सापळा लावणे, पकडण्या-मारण्यासाठी हाकून नेणे, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे हेसुद्धा शिकारच आहे. म्हणजे माझ्या आजोळचे ते तिघे ससा मारण्याआधीच, काडी ओढली तेव्हाच, शिकारी झाले होते. आजोबांनी स्वतः तरुणपणी ठासणीच्या बंदुकीने शिकार केलेली. कायदा आल्यावर ती बंदूक भिंतीवर गेली ती गेलीच. त्या तिघांना ते एवढेच म्हणाले, "ही शिकार नाय, ही चोरी हाय." नंतर घरी येईपर्यंत ते माझ्याशीही बोलले नाहीत.

शेतातल्या राबाची, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याची, आग कधी कधी डोंगरात शिरते, हे खरे, आणि ज्याच्या पिकात रानडुकरे शिरतात त्याचे दुःख मला सातव्या मजल्यावरून कळणार नाही, हेही खरे. पण कालच्या डोंगरावर ना राब होता, ना पीक. आज सकाळी तिथे काळी राख होती, बुटांना टोचणारे गवताचे जळके खुंट होते आणि एका करवंदीच्या जाळीशी पातळ तारेचा फास होता. त्याची खुंटी जळून कोळसा झाली होती आणि फास तसाच, वाटोळा, उघडा. जवळच सशाच्या लेंड्या होत्या, आगीने पांढऱ्या पडलेल्या. गवत होते तोवर तो फास कोणाला दिसला नसता. गेली काही वर्षे मी त्याच वाटेने फिरतो, मलाही दिसला नव्हता.

हे लिहिताना राग थोडा माझ्याकडेही वळला आहे, ते सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी त्याच उतारावर आमच्या कुत्र्याचा पट्टा मी सोडला होता. त्याने गवतातून एक ससा उठवला आणि पार खालच्या ओहोळापर्यंत त्याचा पाठलाग केला. मी हसत होतो. व्हिडिओही काढला आणि इथेच टाकला होता. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी त्याखाली बदाम दिले होते. ससा निसटला, पण आजोळचा ससा मला त्या वेळी आठवला नाही, याची आज लाज वाटते. तो व्हिडिओ आत्ताच काढून टाकला.

फासाचा फोटो काढून जागा वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करून कळवली आहे. तुम्हालाही धूर दिसला तर व्हिडिओच्या आधी तो क्रमांक लावा. रविवारी पहाटे साडेपाचला मी पुन्हा वर जाणार आहे, आणखी फास आहेत का ते पाहायला. ज्यांना यायचे असेल त्यांनी सोसायटीच्या गेटपाशी भेटावे. कुत्री घरी ठेवावीत.