परदेशातून : सात सह्यांनंतरचं काम

जर्मनीत संस्था नोंदवायची तर किमान सात संस्थापक लागतात. मध्यप्रदेशातल्या १९७३च्या सोसायटी कायद्यातही आकडा सातच आहे. इंदुरात मराठी वस्तीत, लोकमान्यनगर असो, राजेंद्रनगर असो की सुदामानगर, ‘झिरो वेस्टसाठी, म्हणजे कचराच होऊ नये यासाठी, काही तरी करू या’ असं कुणी मनावर घेतलं तर या सात सह्या एका संध्याकाळी होतील. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष ठरतील. खरी अडचण त्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते, कारण करायचं काय यावर एकमत नसतं.

एक पक्ष म्हणतो, इंदूर २०१६ला स्वच्छ सर्वेक्षणात पंचविसावं होतं, २०१७ला पहिलं आलं आणि पुढेही येत राहिलं. टिपर, म्हणजे कचऱ्याची गाडी, रोज दारात येतो, गीला-सूखा वेगळा घेतो. शहराजवळ देवगुराड्याला रोज ५५० टन ओला कचरा घेऊन त्याचा गॅस करणारा बायो-सीएनजी प्लांट फेब्रुवारी २०२२पासून उभा आहे. मग संस्थेला काम उरलं कुठे? दुसरा पक्ष म्हणतो, जर्मनीतल्या माणसांसारखी शिस्त आपल्याकडे येईपर्यंत जनजागृती करत राहायची. परदेशात राहणाऱ्यांकडून या दुसऱ्या पक्षाला पाठिंबा मिळेल असं गृहीत धरलेलं असतं. जर्मनीत राहूनही माझं मत दोन्हींच्या विरुद्ध आहे.

आधी शिस्तीचं बघू. जर्मनीत पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची एकदाच वापरायची प्लास्टिक बाटली घेताना २५ सेंट अनामत भरावी लागते. दुकानातल्या मशीनच्या गोल तोंडात रिकामी बाटली आडवी सरकवली की मशीन ती फिरवून बारकोड आणि अनामतीची खूण वाचतं, मगच आत ओढून चपटी करतं. आधीच चेपलेली किंवा लेबल सुटलेली बाटली तशीच बाहेर येते. म्हणून लोक बाटल्या न चेपता, लेबलं सांभाळून, पिशव्या भरभरून आणतात. परतीचं प्रमाण ९८ टक्क्यांच्या आसपास आहे. रस्त्यावरच्या पेटीत पडलेल्या बाटल्या गरीब आणि म्हातारी माणसं हात घालून काढून नेतात. कचरा वेचणारी माणसं इथेही आहेत, फक्त त्यांना प्रत्येक बाटलीचा भाव ठरलेला मिळतो. ही व्यवस्था २००३मध्ये कायद्याने आली. भारतातही तमिळनाडूतल्या नीलगिरी जिल्ह्यात दारूच्या बाटलीवर १० रुपये जास्त घेऊन बाटली परत केल्यावर ते देण्याची पद्धत चालू आहे, आणि तिथल्या लोकांना त्यासाठी कुणी आधी शिस्त शिकवली नव्हती.

जिथे पैसा गुंतलेला नाही तिथे जर्मन माणूसही आपल्यासारखाच वागतो. ओला कचरा वेगळा गोळा करणं इथे २०१५पासून बंधनकारक आहे, पण त्या डब्यात प्लास्टिक इतकं सापडतं की मे २०२५पासून नियम कडक करावे लागले. ‘विघटनशील’ लिहिलेल्या पिशव्याही कित्येक शहरांत त्या डब्यात चालत नाहीत, कारण प्लांटमध्ये कचरा जितके आठवडे राहतो तेवढ्यात त्या कुजत नाहीत. २०२३पासून मोठ्या उपाहारगृहांना पार्सलसाठी परत करण्याजोगा डबा देऊ करणं सक्तीचं आहे, तरी बहुतेक गिऱ्हाइकं एकदाच वापरायचंच भांडं उचलतात. ट्युबिंगन शहराने २०२२पासून अशा भांड्यावर ५० सेंट आणि काट्या-चमच्यावर २० सेंट कर लावला. जानेवारी २०२५मध्ये जाहीर झालेल्या निकालात घटनात्मक न्यायालयाने तो वैध ठरवला. दरडोई वर्षाला २०० किलोहून जास्त पॅकेजिंगचा कचरा करणाऱ्या देशाकडून शिस्तीचा धडा घ्यायचं कारण नाही.

उलट इंदुरात एक गोष्ट आहे जी इथे नाही. इथे डबा आठवड्याने किंवा पंधरा दिवसांनी रिकामा होतो. गाडीचा यांत्रिक हात तो उचलून उलटा करतो आणि आत काय होतं ते बहुधा कुणी बघत नाही. इंदुरात टिपरवरची व्यक्ती बादली हातात घेते, आत बघते आणि ओल्यात सॅनिटरी पॅड किंवा दुधाची पिशवी दिसली तर तिथल्या तिथे परत करते. ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, घरगुती घातक आणि सॅनिटरी असे सहा प्रकार त्या माणसांच्या डोळ्यांवर चालतात. प्लांटला स्वच्छ ओला कचरा मिळतो तो त्यांच्यामुळे. त्यांचं ऋण मोठं आहे, आणि म्हणूनच त्यांचंच काम पुन्हा करायला संस्था काढू नये. बादलीत पडलेला कचरा महानगरपालिका उत्तम उचलते. तो बादलीत पडूच नये म्हणून जे करायचं ते मात्र तिच्या हातात नाही. संस्थेने तेवढंच धरावं.

सगळ्यात आधी भांडी. गणेशोत्सवातला महाप्रसाद घ्या, ३०० पानं. द्रोण-पत्रावळी, ग्लास, चमचा धरले तर हजाराहून जास्त नग एका दुपारी फेकले जातात. १ जुलै २०२२पासून प्लास्टिकचे ग्लास, ताटल्या, चमचे बंद आहेत, म्हणून कागदी येतात. पण चकचकीत कागदी ताटलीची कड ओल्या अंगठ्याने चोळून बघा. बहुतेक वेळा पातळ प्लास्टिकचा पापुद्रा सुटून येतो. ती ओल्यातही जात नाही आणि भंगारवालाही घेत नाही. काड्यांनी टाचलेली पळसाची पत्रावळ चालेल, पण स्टीलचं ताट सगळ्यांत बरं.

शंभराच्या तीन पंगती असतील तर ३०० संच लागत नाहीत, १३० पुरतात: ताट, दोन वाट्या, पेला, चमचा. त्यासाठी दोन पंगतींत ४० मिनिटं आणि धुण्याच्या जागी पाच माणसं हवीत. एकाने उष्टं काढायचं, दोघांनी घासायचं, एकाने खळबळायचं, एकाने जाळीवर उभं करून वाळवायचं. साठ-साठ लिटरचे तीन टब. पहिल्यात साबणाचं पाणी हाताला सोसेल इतकं गरम, म्हणजे रबरी हातमोजे आलेच. दुसरं साधं, तिसरं पुन्हा गरम. पहिलं पाणी गार ठेवलं की तूप थिजून ताटाला चिकटतं, दुसऱ्या टबावर तवंग येतो आणि शेवटच्या पंगतीची ताटं ओशट लागतात. मग ‘डिस्पोजेबलच बरं’ म्हणणाऱ्यांना आयतं कारण मिळतं. पहिल्या दोन टबांचं पाणी दर ८० ते १०० ताटांमागे बदला. आचाऱ्याचा एक बर्नर पाण्यासाठी आधीच मागून ठेवा. ऐन वेळी तो मिळत नाही.

हरवतात ते चमचे. उष्ट्याबरोबर बादलीत पडतात. म्हणून उष्ट्याच्या बादलीवर जाळीची क्रेट ठेवायची आणि ताट त्यावर उपडं करायचं. चमचे दहा-दहाच्या जुडीने मोजून द्यायचे, तसेच परत घ्यायचे. ओली ताटं एकात एक रचली तर दुसऱ्या दिवशी वास येतो. वीस मिनिटं उभी ठेवल्याशिवाय पेटीत भरू नका. आणि टब जमिनीवर ठेवू नका. कमरेच्या उंचीचं टेबल नसेल तर दुसऱ्या पंगतीलाच पाठ धरते आणि पुढच्या वर्षी कुणी येत नाही.

जर्मनीत नगरपालिका यासाठी भांडीगाडी भाड्याने देतात. ट्रेलरमध्ये मोठं डिशवॉशर आणि क्रॉकरी असते; मात्र थ्री-फेज वीज, नळ आणि गटार ही तिन्ही जवळ लागतात. मांडवात ही सोय क्वचितच असते, म्हणून टब. इंदुरात बर्तन बँकेची कल्पना आहेच. बँक भांडी देईल, घासणारे हात संस्थेने उभे करायचे. राजसूय यज्ञात कृष्णाने उष्टी काढली हे आपण कीर्तनात ऐकत आलो आहोत. तेव्हा कार्यकारिणीत टबाच्या जबाबदारीचं पद असावं आणि ते अध्यक्षाच्या खालोखाल लिहावं. बाहेरच्या बायका बोलावल्या तर रोजी आधी ठरवून त्याच दिवशी हातात द्या. ‘सेवा’ म्हणून त्यांच्याकडून फुकट काम घेणं मला अजिबात मान्य नाही.

उष्टं नेहमी वजन करा. माणशी १०० ग्रॅमच्या वर गेलं तर दोष जेवणाऱ्यांचा नाही, वाढप्यांच्या आग्रहाचा आहे. पोळी अर्धी वाढा, हवी तर पुन्हा या.

दुसरं काम झाडांच्या पानांचं, आणि इथे वाद खरा आहे. प्लांट ओला कचरा घेतो तर सोसायटीत खत कशाला करायचं? शिजलेलं, तेलकट, खरकटं टिपरलाच द्यावं हे मी मान्य करतो. बंद टाकीत त्याचा गॅस चांगला होतो आणि सोसायटीच्या खड्ड्यात त्याच्यामागे उंदीर येतात. पण झाडाचं वाळलेलं पान गॅस प्लांटच्या कामाचं नाही. त्याला कडकपणा देणारं लिग्निन हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंना फोडता येत नाही. फाल्गुनात रस्तोरस्ती पानं साचतात आणि कुठे ना कुठे पेटवली जातात. ती पानं आणि कच्ची सालं, देठं सोसायटीने ठेवावीत.

६० घरांची कच्ची सालं घरटी ३०० ग्रॅम धरली तर दिवसाला १८ किलो. सालांच्या एका टोपलीला दोन टोपल्या पानं, म्हणजे रोज साधारण सहा किलो. पावसाळ्याच्या शंभर दिवसांत कोरडं पान मिळत नाही, तेव्हा ६०० किलो आधी साठवलेलं हवं. सिमेंटच्या पोत्यात पायाने दाबून पाच-सहा किलो बसतं, म्हणजे शंभरेक पोती. बहुतेक सोसायट्यांचं खत जुलैत का सडतं याचं उत्तर या पोत्यांत आहे: फेब्रुवारी-मार्चमध्ये ती कुणी भरलेली नसतात. ठेवताना मीटरच्या पेटीपासून आणि पार्किंगपासून लांब ठेवा, वाळकं पान ठिणगीला लगेच धरतं.

जाळीचे एक मीटर लांब-रुंद-उंच असे चार पिंजरे पुरतात. तळाला वीतभर काटक्या, वर थर. एक तीन-चार आठवड्यांत भरतो, मग पुढचा; चौथा भरेपर्यंत पहिल्यातलं खत तयार होत येतं. दर आठवड्याला एकदा उलथायचं. मधोमध लोखंडी सळई खुपसून पाच मिनिटांनी काढा, हाताला चटका बसला पाहिजे. मूठभर माल पिळल्यावर एक-दोन थेंब पडले तर ओल बरोबर. धार लागली तर पान घाला. नाकाला अमोनिया झोंबला तर सालं जास्त झाली, कुजक्या अंड्याचा वास आला तर हवा कोंडली, मुंग्या झाल्या तर कोरडं पडलं. निर्माल्य घ्या, पण हारातले दोरे आणि जरी काढून. नायलॉनचा दोरा फावड्याला गुंडाळला गेला की उलथणारा माणूस आठवड्याचं काम सोडून देतो.

तिसरं, उघडून बघणं. इटलीतल्या कापानोरी गावाने २००७मध्ये युरोपात पहिल्यांदा झिरो वेस्टचा संकल्प केला. त्यामागे रोस्सानो एर्कोलिनी हे प्राथमिक शाळेतले शिक्षक होते. त्यांना पर्यावरणासाठीचा २०१३चा गोल्डमन पुरस्कार मिळाला. सगळं वेगळं करूनही उरणाऱ्या पिशव्या तिथे फोडून तपासतात. कॉफीच्या कॅप्सूल फार निघाल्या, तेव्हा उत्पादकांशी बोलणी सुरू केली. इंदुरात दहा घरांच्या संमतीने सुक्या कचऱ्याची बादली ताडपत्रीवर पसरा. सेव-नमकीनची चंदेरी पाकिटं वरचढ निघतील असा माझा अंदाज आहे, आणि अनेक थरांची असल्याने ती भंगारात जात नाहीत. सुटं नमकीन देणारी दुकानं इंदुरात आहेत. अडतं ते घरून नेलेल्या डब्याच्या वजनापाशी, कारण गर्दीत दुकानदाराला दोनदा तोलायला वेळ नसतो. जर्मनीतल्या कील शहरात २०१४ला सुरू झालेल्या सुट्या मालाच्या दुकानासारख्या ठिकाणी गिऱ्हाईक आधी रिकामी बरणी तोलून तिच्यावर वजन लिहितं. संस्थेने वजनकाटा घेऊन एका रविवारी वस्तीतल्या शे-दीडशे डब्यांच्या तळाला पक्क्या मार्करने वजन लिहून दिलं तर दुकानदाराला ते नुसतं वजा करायचं उरतं. मार्कर घासताना जातो, तेव्हा वर सेलोटेपची पट्टी लावा.

पैशांचं थोडक्यात: पहिल्या वर्षी बॅनर आणि टोप्यांवर खर्च करू नका. टब, टेबल, जाळ्या, काटा, हातमोजे आणि रोजी, एवढंच. हिशेबाच्या वहीत रुपयांशेजारी किलोंचा रकाना असू द्या. भांड्यांच्या पेटीची किल्ली दोघांकडे हवी आणि दुसरी किल्ली सुट्टीत गावाला जाणाऱ्याकडे नको.