गणपतीच्या जागी झाड

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या छापखान्यात पत्रिकांची रीघ सुरू होते. सांगलीत हरभट रोडच्या मागच्या बोळात आमचं दुकान. वडिलांच्या वेळी तिथे छपाईचं जुनं ट्रेडल यंत्र होतं आणि गणपती लाकडी खणात राहायचा. म्हणजे गणपतीचा ब्लॉक. वर जस्ताचा पत्रा, खाली लाकूड. डाव्या सोंडेचा एक, उजव्या सोंडेचा एक. गिऱ्हाईक यायचं, ब्लॉक हातात घेऊन उजेडाकडं धरायचं आणि म्हणायचं, "ह्यो बरा हाय, ह्योच टाका." त्या खणातनं गणपतीच्या ऐवजी दुसरं काही निघायची भीती नव्हती. निघालंच तर झुरळ.

आता गणपती मेलवर येतो.

मेलवर काय काय येतं हे सांगत बसलो तर पुढच्या तुळशीच्या लग्नापर्यंत पुरेल. वहीच्या पानावर लिहिलेला मजकूर आडवा फोटो काढून येतो. तो वाचायचा म्हणजे मान खांद्यावर टाकायची. जुन्या फॉन्टातली वर्डची फाईल येते. तो फॉन्ट आमच्याकडं नसला की 'चि. सौ. कां.'च्या जागी चौकोन, कंस आणि डॉलर उमटतात. डॉलर शुभ असतील, पण पत्रिकेत शोभत नाहीत. एकदा तर 'विनमेल डॉट डॅट' नावाची फाईल आली. ती कशानंच उघडेना. पाठवणारा म्हणाला, मी असलं काही पाठवलंच नाही. ते खरं होतं. त्याच्या प्रोग्रॅमनं मजकूर, फोटो सगळं आपल्या घरच्या पद्धतीनं एका गाठोड्यात बांधलं होतं आणि गाठ सोडायची रीत आमच्या प्रोग्रॅमला ठाऊक नव्हती.

पण ही किरकोळ दुखणी. खरं बाळंतपण झालं ते मार्केट यार्डातल्या एका हळदवाल्या आप्पांच्या नातीच्या लग्नात.

आप्पा दुकानात आले. त्यांच्या सदऱ्याला कायम हळदीचा वास, त्यामुळं ऑर्डर देतानाच अर्धं लग्न लागल्यासारखं वाटतं. म्हणाले, "मालक, मजकूर पोरीचा मामा पुण्यासनं धाडतोय. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर हाय त्यो. गणपतीचा फोटू बी त्योच धाडंल. आमच्या म्हातारीला आपल्या सांगलीच्याच गणपतीचा पायजे, दुसरा नको."

संध्याकाळी मामांचा मेल आला. वर सगळं रीतसर: श्री गजानन प्रसन्न, कुलदैवत, आमच्या येथे श्रीकृपेकरून, थेट 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं'पर्यंत. शेवटी ओळ होती, 'सोबत जोडलेलं चित्रच घ्यावे, सोनेरी शाईत.' मेलच्या कपाळावर जेमक्लिपचं चित्र, शेजारी आकडा एक. खाली नखाएवढ्या चौकोनात ती एकुलती एक जोड, म्हणजे अटॅचमेंट. नाव 'इमेज ००१'. आता एकच चित्र जोडलेलं असेल आणि 'सोबत जोडलेलं चित्र' घ्या म्हटलं असेल, तर देवाशप्पथ सांगा, तुम्ही काय केलं असतं?

आमच्या ऑपरेटर वहिनींनीही तेच केलं. चित्र घेतलं, एकरंगी केलं, सोनेरी करून डोक्यावर बसवलं. वर पसरट, दोन्ही बाजूंना कानासारखं, मधून सोंडेसारखं खाली उतरलेलं. मी चष्मा कपाळावर ठेवून पाहिलं. हल्ली गणपती फार मॉडर्न काढतात. मीही मान डोलावली.

प्रूफाची पीडीएफ मामांना मेलनं पाठवली. त्यांच्या मोबाईलवर तीही नखाएवढीच दिसली असणार, कारण दोन मिनिटांत उत्तर आलं: 'ओके.' ह्या एका शब्दावर आम्ही पाचशे पत्रिका छापल्या.

पहिली पत्रिका गणपतीला ठेवायची हा रिवाज. कृष्णाकाठच्या देवळात आप्पा, त्यांची म्हातारी आणि नवरीची कॉलेजातली धाकटी बहीण असे तिघं गेले. पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं. पत्रिका ठेवण्याआधी धाकटीनं ती डोळ्यांशी धरली, कारण सोनेरी गणपतीच्या पायाशी केसाएवढी बारीक इंग्रजी ओळ होती. तिनं ती देवासमोर मोठ्यानं वाचली आणि मराठीतही सांगितली: 'छापण्याआधी विचार करा, झाडं वाचवा.'

ते झाड होतं. मामांच्या कंपनीतून जाणाऱ्या प्रत्येक मेलच्या शेपटाला सहीबरोबर चिकटणारं हिरवं झाड. 'हा मेल छापू नका' अशी विनंती छापखान्याला आली होती आणि छापखान्यानं ती पाचशे वेळा सोनेरी शाईत छापली होती.

आप्पा देवळातनं थेट दुकानात. मी म्हटलं, मामांनी हेच पाठवलंय. त्यांनी मामांना फोन लावला. मामा म्हणाले, गणपती मेलमध्ये डोळ्यांसमोर आहे, आंधळे आहात का? मी मेल पुन्हा उघडला. 'श्री गजानन प्रसन्न'च्या खाली पांढरी रिकामी चौकट, ती पांढऱ्यावर पांढरी, म्हणजे नसल्यात जमा. आणि वर एक करडी, मुंगीच्या अक्षरातली ओळ: 'तुमच्या सुरक्षिततेसाठी काही चित्रं दाखवलेली नाहीत.' ती दाबली आणि गजानन प्रकटले. मुकुट, सोंड, मोदक, सगळं जागच्या जागी.

म्हणजे मामा खरे आणि मीही खरा. खोटा कोण, ते पोरानं सांगितलं. तो इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळं त्याला दुसऱ्याच्या चुका लगेच कळतात. म्हणाला, "पपा, गणपती मेलमध्ये आलेलाच नाही. मामांनी तो कुठल्यातरी साईटवरनं उचलून चिकटवला, म्हणजे मेलमध्ये नुसता पत्ता आला. तसली चित्रं प्रोग्रॅम मुद्दाम अडवतो. ती आणायला गेलं की तुम्ही मेल उघडलात हे चित्र ठेवणाऱ्याला कळतं." जाहिरातवाले म्हणे एका ठिपक्याचं, डोळ्यांना न दिसणारं चित्र याच हेरगिरीसाठी घालतात. म्हणून दारात उभ्या गजाननाला जाहिरातवाल्यांचा हस्तक समजून अडवलं आणि फुकट आलेल्या झाडाला पाटावर बसवलं.

मग त्यानं मेलचा कच्चा मसाला उघडून दाखवला. बघून गरगरलं. मेल जन्मला तेव्हा त्याला फक्त साधी इंग्रजी अक्षरं वाहता येत, त्यामुळं चित्रालाही अक्षरांचं सोंग घ्यावं लागतं. दर तीन बाइटांची चार अक्षरं होतात, म्हणून सहा एमबीचा फोटो वाटेत आठ एमबीचा होतो. पोरगं म्हणालं, कुठलाही जेपेग फोटो घ्या, ह्या सोंगात त्याची सुरुवात ठरलेली: तिरकी रेघ, नऊ, जे, पुन्हा तिरकी रेघ. गणपती असो की नवरदेव. मी मनात म्हटलं, हा यांचा 'श्री'.

मला मात्र वेगळंच बोचलं. मेलमधल्या मजकूर, चित्र अशा प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर एक चिठ्ठी लावायची सोय आहे: 'मजकुरात जागच्या जागी दाखव' किंवा 'जोड म्हणून वेगळं ठेव'. नव्वदच्या दशकापासून आहे! मेलमधून चित्र, आवाज पाठवायची रीत १९९२ साली बसली. नॅथॅनिएल बोरेन्स्टीन आणि नेड फ्रीड ह्या दोघांनी ती बसवली आणि त्या वर्षीच्या ११ मार्चला बोरेन्स्टीननी आपल्या चौघा गाणाऱ्यांचा फोटो आणि त्यांचं गाणं मेलनं पाठवलं. तो फोटो लोकांना दिसला. त्या चौघांच्या जागी कुणाला झाड दिसल्याचं ऐकिवात नाही. आणि आता कंपनीचा प्रोग्रॅम सहीतल्या झाडावर 'जोड' अशी चिठ्ठी डकवतो, आमचा प्रोग्रॅम ती मुकाट्यानं मानतो आणि जेमक्लिपशेजारी आकडा टाकतो.

अहो, शेतातनं माणूस घरी येतो तेव्हा हातातली भाजी ती आणलेली, आणि धोतराला चिकटलेली कुसळं ती आलेली. आमची आई दारातच कुसळं झाडायला लावायची आणि भाजी तेवढी आत न्यायची. एवढा विवेक प्रोग्रॅमला नको? सहीतला लोगो, फेसबुकचं चिन्ह, झाड ही सगळी कुसळं. ती मोजू नका. चित्र अडवायचं तर जरूर अडवा, पण त्याच जागी ठळक अक्षरात लिहा की 'इथं एक चित्र आहे, अडवलं आहे'. सुतक असल्यासारखी पांढरी चौकट कसली ठेवता?

भुर्दंड निम्मा-निम्मा ठरला. नाराज नव्हती ती फक्त म्हातारी. दुकानातल्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. म्हणाली, "एवढं काय झालं रं? पांढऱ्या रुईच्या मुळात गणपती असतोयच की. झाडातच हाय म्हणायचं." मी आशेनं आप्पांकडं पाहिलं. आप्पा म्हणाले, "आये, त्यात 'छापू नका' लिवलंय."

दुसऱ्या दिवशी म्हातारी स्वतः आली. देवघरातली तसबीर जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून आणलेली. काचेवर गंधाचा ठिपका. "मेल न्हाई, बिल न्हाई. ह्यातनं बघून छाप."

मी तसबीर उजेडाकडं धरली. कित्येक वर्षांनी गणपती हातात घेऊन पाहिला. मोबाईलनं झकास फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर घ्यायचा म्हणून छापखान्याच्या पत्त्यावरनं छापखान्याच्याच पत्त्यावर मेल केला. वहिनींनी उघडला.

"दादा, दोन जोडल्यात."

"एकच पाठवलाय हो."

खाली नखाएवढे दोन चौकोन. एकात गणपती. दुसऱ्याचं नाव 'इमेज ००१'. त्यात आमच्या छापखान्याचं नाव होतं, फोन नंबर होता आणि पोरानं परस्पर लावून दिलेल्या सहीच्या शेवटी, मामांच्या मेलमधनं आवडलं म्हणून उचललेलं, ते हिरवं झाड.