निसार भूकंप आधी सांगणार नाही

‘निसार उपग्रह जमिनीच्या पोटात पाहतो. दर १२ दिवसांनी सगळी पृथ्वी तपासतो. जमीन सेंटीमीटरभर हलली तरी त्याला कळतं. आता पुन्हा किल्लारी होणार नाही, आधीच कळेल.’ ३० जुलै २०२५ ला इस्रो-नासाचा हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून उडाला, तेव्हापासून या अर्थाचा मजकूर फिरतोय. मधली दोन वाक्यं बरीचशी खरी आहेत, म्हणून शेवटचंही पटून जातं.

आधी ‘जमिनीच्या पोटात’ घेऊ. निसारवरच्या दोन रडारपैकी नासाच्या एल-बँडची तरंगलांबी २४ सेंटीमीटर. ती झाडांच्या पानांमधून पार होते, कोरड्या वाळूत थोडी शिरते, बस्स. भूकंप घडवणारा भ्रंश, म्हणजे जिच्या दोन बाजू एकमेकींवर सरकतात अशी खडकातली भेग, सहसा किलोमीटरांनी खोल असतो. रडार पाहतं फक्त वरची जमीन. जवळपास त्याच कक्षेतून दोनदा जायचं आणि परत आलेली लहर मधल्या काळात किती मागेपुढे सरकली ते मोजायचं, एवढाच खेळ. त्यातून रंगीत पट्ट्यांचा नकाशा होतो. एल-बँडचा एक पट्टा म्हणजे जमीन उपग्रहाच्या दिशेने सुमारे १२ सेंटीमीटर सरकली. पट्टे अरुंद जागेत दाटले तर भ्रंश उथळ हलला, ऐसपैस पसरले तर खोल. खोली हिशेबाने काढलेली असते, पाहिलेली नसते.

आता १२ दिवस. भ्रंश फाटायला काही सेकंद पुरतात. फ्रान्समधल्या ल तेय गावाजवळ ११ नोव्हेंबर २०१९ ला ४.९ तीव्रतेचा धक्का बसला. एवढ्याशा भूकंपात जमीन फाटत नाही असं आपण धरून चालतो; इथे केंद्रच सुमारे एक किलोमीटर खोलीवर होतं, त्यामुळे चार-पाच किलोमीटर लांबीची भेग वर आली. युरोपचे सेंटिनेल-१ उपग्रह तेव्हा तिथून दर ६ दिवसांनी जात होते, म्हणजे निसारपेक्षा दाट फेऱ्या. तरी इशारा कुणालाच मिळाला नाही. हा भ्रंश जुन्या नकाशांवर होता, पण निष्क्रिय मानलेला. रडारने नंतर मात्र एका बाजूची जमीन दहा-पंधरा सेंटीमीटर वर आल्याचं दाखवलं.

सेंटीमीटरचा दावा सर्वांत फसवा, कारण मोजमाप खरंच तेवढं बारीक आहे. पण जमीन हलली म्हणजे भूकंप येतोय, असं थोडंच आहे? लातूर-धाराशिवची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्या शेतकऱ्याला हे सांगायला उपग्रह लागत नाही. हवेतला बाष्पही लहरीला उशीर करतो आणि काही सेंटीमीटरचा खोटा ‘फुगवटा’ दाखवतो. दख्खनच्या खडकात साठणारा ताण वर्षाला मिलिमीटरमध्येही मोजायची मारामार. तुर्कस्तानासारख्या ठिकाणी, जिथे भ्रंशाच्या दोन बाजू वर्षाला दोन-अडीच सेंटीमीटरने एकमेकींना घासत सरकतात, तिथे ताण कुठे साठतोय हे रडार छान दाखवतं. तारीख तिथेही दाखवत नाही.

आणि किल्लारीला इशारा नव्हताच असंही नाही. १९९३ च्या भूकंपाआधी, १९९२ मध्ये, तिथे छोटे धक्के बसत होते, लोक घाबरून बाहेर झोपत होते. पुढे काय होणार हे त्यावरून कुणाला सांगता आलं नाही.

मग या रडारचा उपयोग काय? इराणमधल्या बाम शहराचं उदाहरण घ्या. डिसेंबर २००३ च्या भूकंपानंतर सगळ्यांची नजर शहराशेजारी ठळक दिसणाऱ्या भ्रंशाकडे होती. युरोपच्या एन्व्हिसॅट उपग्रहाच्या रडार-नकाशाने दाखवलं की फाटला तो दुसराच, पश्चिमेकडचा, वर जेमतेम खूण असलेला. शिवाय सरक मुख्यतः काही किलोमीटर खोलीवर झाली होती, वरच्या थरात फार कमी. वरचा थर मागे का राहिला, यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे, आणि तो सोडवायला उथळ भूकंपांचे असेच नकाशे हवेत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर किल्लारीच्या शेतात जमीन उचलल्याच्या खुणा सापडल्या, त्याही जेमतेम किलोमीटरभर आणि तुटक. भूवैज्ञानिकांना तिथे चर खणून भ्रंश शोधावा लागला. आज तसा धक्का बसला, तर चर नेमका कुठे खणायचा हे निसारची पुढची फेरी दाखवू शकेल.