“चित्रं काढायला वाचता कशाला यावं लागतं?” : सरांच्या कमेंटला उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही लिहिलंय की ३१ वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि आता निवृत्त आहात, म्हणून सर म्हणते, चालेल ना? उत्तराला नऊ दिवस लागले. राग आला म्हणून नाही (म्हणजे आला होता, पहिले दोन दिवस), पण तुमची कमेंट लांबलचक होती, ती मी फोनकडून चार वेळा वाचून घेतली, मग हे उत्तर बोलून टाईप केलं, परत ऐकलं, परत दुरुस्त केलं. तरी यात चुका सापडतीलच.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आमच्या फायनल इयरच्या अ‍ॅनिमेशन फिल्मबद्दल मी लिहिलं होतं, डिस्लेक्सिया (म्हणजे वाचायला-लिहायला अवघड जाणं) असताना ती कशी पूर्ण झाली वगैरे. त्यावर सरांचं म्हणणं असं की फिल्मच्या टायटलमध्येच ‘दिगदर्शन’ असं छापलंय आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही, पूर्वी ज्याला आळस म्हणायचे त्याला आता इंग्रजी नाव आणि सर्टिफिकेट मिळतं, मग त्या नावामागे लपता येतं आणि त्याचं भांडवल करता येतं, शिवाय चित्रं काढायला वाचता कशाला यावं लागतं, म्हणजे यात मोठं असं काय केलं, ग्रुपमधल्या तिघांनी ओढून नेलं असणार आणि वर कॉलेजने जास्तीचा वेळ दिला. आणि अगदी शेवटी फिल्ममधल्या आजोबांच्या ओठांबद्दल एक ओळ. ती मी पण शेवटीच घेते.

‘दिगदर्शन’ ही चूक शंभर टक्के माझी. टायटल कार्ड हाताने लिहायचा हट्ट माझा होता, ब्रशने एकेक अक्षर काढलं, ‘द’चं शेपूट तीनदा बदललं, आणि ‘ग’ अर्धा करायचा राहिला. महिनाभर ते कार्ड बघत होते सर, पण मी त्यातली चित्रं बघत होते, शब्द नाही. ज्यूरीच्या, म्हणजे फिल्म तपासणाऱ्यांसमोर दाखवायच्या दिवशी मोठ्या पडद्यावर आलं तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं आणि मला काय झालंय तेच कळलं नाही, शेजारच्या मैत्रिणीने कानात सांगितलं. नंतर ग्रुपमधला एक जण म्हणाला, “राहू दे, तीच तुझी सही.” मला पटलं नाही. चूक ती चूकच, तिला सही बनवली की मग तुम्ही म्हणता तसं भांडवल होतं. नवीन व्हर्जनमध्ये ‘ग’ अर्धा आहे, बघून घ्या.

आणि एक गोष्ट तर मी आपणहून मागे घेते. पोस्टमध्ये मी डिस्लेक्सियाला ‘सुपरपॉवर’ म्हटलं होतं. रील्स बघून बघून तोंडात बसलेला शब्द आहे तो. मला चित्रं येतात कारण मी सातवीपासून मराठीच्या वहीच्या मागच्या पानांवर रोज चित्रं काढलीत (पुढच्या पानांवर काय चाललं होतं ते तुम्हाला माहितेय, तुम्ही असल्या वह्या तपासल्यात). डिस्लेक्सियाने मला काही दिलं असेल तर तो ‘माझा नंबर येणारे’ म्हणून पोटात येणारा गोळा. वाचनाच्या तासाला आपल्या वाट्याला कुठला परिच्छेद येणार ते बाकं मोजून काढायचं आणि तेवढा पाठ करायचा, यात मात्र मी एक्सपर्ट होते.

आता आळसाचं. सर, २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे आणि तिच्यात डिस्लेक्सिया नावानिशी येतो. आपल्या बोर्डाच्या सवलती तर त्याच्याही कितीतरी आधीच्या, नव्वदच्या दशकापासूनच्या. म्हणजे तुम्ही शिकवत होतात तेव्हाही त्या होत्या. मला नववीत सर्टिफिकेट मिळालं होतं, पेपरला तासामागे २० मिनिटं जास्त मिळणार होती, आणि मी ती दहावीला घेतली नाहीत, कारण वर्गात कुणीतरी तुमच्यासारखंच बोललं होतं. मराठीत ३८ पडले. शेवटचा निबंध पूर्ण डोक्यात होता.

‘तारे जमीन पर’ २००७ साली आला तेव्हापासून सगळ्यांना वाटतं की डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरं नाचतात. माझी नाही नाचत. ती गपगुमान बसलेली असतात आणि मला स्वच्छ दिसतात. फक्त अक्षर दिसतं आणि त्याचा आवाज मागून येतो, साउंड आउट ऑफ सिंक झालेला पिक्चर बघतो ना, तसं. मुळात हा गोंधळ डोळ्यांचा कमी आणि आवाज नि अक्षर जोडण्याचा जास्त असतो, हे मला फार उशिरा कळलं. आता आपली पहिली वेलांटी घ्या. ‘कि’ म्हणताना आधी क् येतो मग इ, पण कागदावर वेलांटी क च्या आधी उभी! मोबाईलवर तर अजूनच गंमत, आधी क दाबायचा, मग वेलांटी, आणि ती टुणकन उडी मारून क च्या आधी जाऊन उभी राहते. तुम्हाला हे कधी खटकलं नसेल. मी तिसरीत ‘किती’ लिहायचं म्हटलं की हे कोडं सोडवत बसायचे, तोवर बाई पुढच्या ओळीवर गेलेल्या असायच्या.

तर आता मुख्य प्रश्न, चित्रं काढायला वाचता कशाला यावं लागतं. मला पण असंच वाटलं होतं! म्हणूनच आले या लाईनला, खोटं कशाला बोलू. फिल्म दोन मिनिटं दहा सेकंदांची. सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे ३१२० फ्रेम, एकेक चित्र दोन फ्रेम धरलं तरी दीड हजाराच्या वर चित्रं, आणि ही सगळी चित्रं कुठून कुठपर्यंत, कुठल्या लेयरवर, ते एक्सशीटवर लिहिलेलं असतं. उभा लांब तक्ता, खाली खाली फ्रेमचे नंबर, आडवे कॉलम, बारीक बारीक चौकोन. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला दहावीच्या पेपरसारखाच घाम फुटला. शिवाय एक्सेलमधलं शेड्यूल, फीडबॅकचे मेल, ४० पानांचं प्रोसेस बुक (फिल्म कशी केली ते लिहून द्यायचं). त्या बुकासाठी कॉलेजने मला दहा दिवस जास्त दिले, हे खरंय, आणि ते मी घेतले. चित्रांसाठी एक दिवसही जास्त मिळाला नाही.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे लिपसिंक, चित्रातले ओठ आवाजाशी जुळवणं.

फिल्म आमच्या मिरजेची, म्हणजे तंबोरे बनवणाऱ्या एका आजोबांची आणि त्यांच्या नातीची. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेला भोपळा आजोबा बोटाने वाजवून बघतात आणि पूर्ण फिल्ममधलं एकमेव वाक्य बोलतात: “पोरी, आधी भोपळा बोलतो, मग माणूस.” बरोब्बर तीन सेकंद, ७२ फ्रेम. हे वाक्य आवाजांमध्ये फोडून एक्सशीटवर लिहायचं, कुठल्या फ्रेमला प, कुठल्या फ्रेमला ओ, कुठे र. म्हणजे शब्द फोडून त्यातले आवाज सुटे करायचे, जे मला बालवाडीपासून जमलेलं नाही नेमकं तेच! शॉट वाटताना बाकीच्यांनी गर्दीचे शॉट मागून घेतले आणि हा माझ्या वाट्याला आला, कारण “तुझ्या आजोबांचे एक्स्प्रेशन भारी येतात.” मी हो म्हटलं आणि घरी येऊन रडले.

चार दिवस हेडफोन लावून तेच वाक्य ऐकलं. पो, री, आ… मला ते एकच लांब घरंगळणारं काहीतरी ऐकू यायचं. मग फॅकल्टींनी सांगितलं की आरसा घे. जुनीच युक्ती आहे ही, अ‍ॅनिमेटर टेबलावर आरसा ठेवून स्वतःचंच तोंड बघत बसतात. मी आईचा पावडरचा आरसा लॅपटॉपला टेकवून ठेवला आणि हळूहळू बोलायला लागले. पो. ओठ मिटले. भो. मिटले. प. मिटले. बो, मग, मा. सगळीकडे मिटले. प भ ब म. आणि फ पण, आमची आजी म्हणते तसा, ओठांवरचा. प फ ब भ म.

सर, मी २१ वर्षांची होते आणि रात्री दीड वाजता मला वर्णमाला कळली.

म्हणजे ती ओळ मला पाठ होती, पाढ्यांसारखी, पण ती पाच अक्षरं एका ओळीत का बसवली आहेत हे माहीत नव्हतं. मग मागे गेले. त थ द ध, जीभ दाताला. ट ठ ड ढ, जीभ वर वळते. क ख ग घ, पार घशाशी. कुणीतरी फार पूर्वी आरसा नसताना हे सगळं तोंडात चाचपून लावून ठेवलंय! ओष्ठ्य, दंत्य, मूर्धन्य हे शब्द शाळेत नक्की कानावर पडले असणार, पण ते फळ्यावरचे शब्द होते, त्यांना तोंड नव्हतं. तुम्हाला मूर्खपणा वाटेल, पण मी त्या रात्री क पासून ळ पर्यंत तीन वेळा गेले, रूममेट उठून म्हणाली, “बाई गं, मंत्र म्हणतेस का?”

लिपसिंकला त्यातलं थोडंसंच लागतं, कारण क काय आणि ट काय, काम आत जिभेचं, बाहेरून तोंड जवळजवळ सारखंच दिसतं. दिसतात ते मिटलेले ओठ, व ला दाताखाली येणारा खालचा ओठ आणि स्वर: आ ला उघडं, ई ला ताणलेलं, ओ ऊ ला गोल. मी आठ तोंडं काढली आणि एक्सशीटवर अक्षरं लिहायचीच नाहीत असं ठरवलं. रंग. लाल म्हणजे ओठ मिटलेले, पिवळा उघडे, निळा गोल. ७२ चौकोनांत सहा लाल पट्ट्या, प्रत्येक दोन फ्रेमची, कारण त्याहून कमी ठेवली तर मिटलेले ओठ डोळ्याला कळतच नाहीत. ती शीट भिंतीवर लावली तर लांबून सोलापुरी चादरीसारखी दिसायची. आणि वाचता यायची! मला, वाचता.

आता तिघांनी ओढून नेल्याबद्दल. इथे मला जरा अवघड जातंय, कारण पोस्टमध्ये मी एक गोष्ट हसत हसत सांगितली होती आणि ती तशी नव्हती. सीन १२ आणि सीन २१ चे फोल्डर मी उलटे दिले. १२ दिवसाचा, आजोबा भोपळा चिरतात. २१ रात्रीचा, नात तार चढवते. कलर करणाऱ्या मित्राने नंबर बघून दिवसाच्या सीनला रात्रीचा उजेड दिला, चार रात्री बसून. पोस्टमध्ये मी लिहिलं की “आमचा असा एक विनोदी घोटाळा झाला.” झालं असं की त्याने विचारलं तेव्हा मी म्हणाले, ड्राईव्ह नीट सिंक झाली नसेल. मला माहीत होतं मी काय केलंय. त्याने बिचाऱ्याने कॉलेजच्या वायफायला शिव्या घातल्या आणि परत बसला. ग्रुपमधल्या कुणालाच माझ्या डिस्लेक्सियाबद्दल माहीत नव्हतं, तीन वर्षं एकत्र काढून.

दोन आठवड्यांनी सांगितलं, कॉलेजच्या बाहेर, वडापावच्या गाडीवर. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “डिस्लेक्सियाचं ठीक आहे गं. पण खोटं का बोललीस?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि डिस्लेक्सियाकडे पण नाही. म्हणून तुम्ही जेव्हा म्हणता की या नावामागे लपता येतं, तेव्हा मी ते पूर्णपणे नाकारू शकत नाही, फक्त माझ्या बाबतीत ते उलटं झालं, नाव लपवून ठेवलं होतं म्हणून खोटं बोलावं लागलं. तेव्हापासून मी कुठल्याही नवीन कामात पहिल्याच दिवशी सांगते: नंबर मी उलटे वाचते, दोनदा विचारा. अजूनही सांगताना कान गरम होतात.

त्यानंतर फोल्डरना नावं दिली, ‘भोपळा चिरणं’, ‘तार’, ‘जिन्यावर पाऊस’. मला वाटलं काय भारी आयडिया, तर एडिटिंग करणारी वैतागली, कारण तिच्याकडे सगळे शॉट बाराखडीने लागायला लागले आणि फिल्मची सुरुवात जिन्यावर. मग नंबर आणि नाव दोन्ही. ओढून नेलं म्हणाल तर तिने मला नेलं, मी तिचे सहा शॉट काढून दिले, तिला हात काढता येत नाहीत. चौघांत असंच चालतं हो.

आता तुमची शेवटची ओळ: “आजोबांचे ओठ ‘माणूस’ला जुळत नाहीत.” सर, हे ज्यूरीतल्या एकालाही दिसलं नव्हतं. मी फ्रेम फ्रेम करून बघितलं. मिटलेले ओठ आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी आलेले चालतात, उलट बरे दिसतात, पण शेवटच्या म ला माझी लाल पट्टी दोन फ्रेम उशिरा आहे. माझ्या डोक्यातही अक्षर आणि आवाजाचं असंच मागेपुढे चालतं, त्यामुळे मला ते बरोबर वाटलं असणार. ३१ वर्षं पोरांच्या तोंडाकडे बघत शिकवल्याशिवाय हे पकडता येत नाही, आणि हे मी टोमणा म्हणून म्हणत नाहीये.

दुरुस्त करते. या रविवारी बसेन, पट्टी दोन फ्रेम वर सरकवायची आहे फक्त, दहा मिनिटांचं काम. फक्त ती शीट कुठल्या नावाने सेव्ह केलीय ते आधी सापडायला हवं.