‘गुगल असताना ग्रंथपाल कशाला?’

प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक युक्तिवाद सारखा फिरतो: ‘सगळं गुगल आणि चॅटजीपीटीवर मिळतं, ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या योजनेमुळे जर्नलंही खुली झाली. पुस्तकांच्या देवघेवीला एक क्लार्क पुरे, ग्रंथपालाचं पद भरायची गरज नाही.’ हे वाचून राग येतो, कारण यात नुकसान विद्यार्थ्यांचं आहे.

जर्नलं खुली झाली म्हणणाऱ्यांनी योजना नीट पाहावी. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये सरकार मोजतं आहे. त्यातून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नलं सरकारी संस्थांना मिळतात. हे प्रकाशक आंतरराष्ट्रीय आहेत. ‘दर्पण’ किंवा ‘ज्ञानोदय’ या एकोणिसाव्या शतकातल्या मराठी नियतकालिकांवर काम करणाऱ्याला जुने अंक तिथे सापडणार नाहीत. ते कुठल्या संग्रहात आहेत, कुठले स्कॅन झालेत, हे सांगणारा माणूस लागतो. आणि जे खुलं आहे त्यात तरी काय शोधायचं? ‘शेतकऱ्यांच्या समस्या’ असं टाइप करणाऱ्या मुलाला कुठलं पीक, कुठला जिल्हा, कुठला काळ असं विचारत त्याचा प्रश्न नेमका करून देणं, हे शिकवणंच आहे.

चॅटजीपीटीचं तर उलटच आहे. ते कधीकधी अस्तित्वात नसलेल्या लेखांचे संदर्भ बेमालूम रचून देतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने चॅटजीपीटीने रचलेले असे बनावट निवाडे सादर करणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलर दंड केला. त्या वकिलांसारखीच आपली एम.ए.ची मुलंही त्याने दिलेल्या संदर्भांवर विश्वास ठेवतात. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमस्वरूपी ऑनलाइन क्रमांक, टाकून पाहा, जर्नलचा तो अंक उघडा, लेख त्या पानावर आहे का बघा, तो मागे घेतला गेला आहे का तेही तपासा. ही सवय एका व्याख्यानाने लागत नाही. मुलाच्या स्वतःच्या संदर्भयादीवर, त्याच्या शेजारी बसूनच ती लावावी लागते.

राहिला क्लार्कचा मुद्दा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांत महाविद्यालयीन ग्रंथपालाची वेतनश्रेणी सहायक प्राध्यापकाइतकीच, लेव्हल १० आहे. पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये संशोधन आणि प्रकाशन नैतिकतेचा दोन क्रेडिटचा पेपर सक्तीचा आहे. फसवी जर्नलं, वाङ्मयचौर्य, डेटाबेस हे त्यातले विषय ग्रंथपालाच्या रोजच्या कामातलेच आहेत. ‘दहा टक्के कॉपी चालते’ हा समज खोडून काढायला, सॉफ्टवेअरने दाखवलेला साम्याचा आकडा उतरवण्यासाठी शब्द फिरवणाऱ्या मुलाला संदर्भ द्यायला शिकवायलाही तोच लागतो. त्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने मान्य जर्नलांची ‘केअर’ यादी बंद केली. जर्नल पारखायची जबाबदारी आता थेट संशोधक आणि संस्थांवर आली आहे.

काही ग्रंथालयांत खरोखर देवघेवीपलीकडे काहीच होत नाही, हे मान्य. पण तिथे पद वर्षानुवर्षं रिकामं असतं, किंवा माणूस असतो आणि वेळापत्रकात त्याला आठवड्याचा एक तासही दिलेला नसतो.