माशांचा मेंदू वेगळा आहे

सेरोटोनिन (चेतापेशींमधलं एक संदेशवाहक रसायन) बनवणाऱ्या चेतापेशी फक्त मेंदूच्या देठात, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागात असतात, असं मी वाचलेल्या एका लेखात सरसकट लिहिलंय. सस्तन प्राण्यांपुरतं ते ठीक आहे. माशांत मात्र तसं नाही. झेब्राफिश या छोट्या माशामध्ये देठातल्या राफे केंद्रकांखेरीज (म्हणजे मध्यरेषेवरच्या चेतापेशींच्या पुंजक्यांखेरीज) हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाकडच्या भागात, मेंदूच्या पोकळीच्या अगदी कडेला, या पेशींचे मोठे समूह असतात. त्यांची टोकं थेट पोकळीतल्या द्रवात उतरलेली असतात. किती विलक्षण रचना आहे ही! प्रीटेक्टम या दृष्टीशी संबंधित भागातही एक लहान गट असतो. पक्षी आणि सरड्यांतही हायपोथॅलॅमसमधल्या अशा पेशी आढळतात, म्हणजे ही जुनी ठेवण बहुधा आपल्याच शाखेत हरवली. मी इथे नागपुरात बीएस्सीला प्राणिशास्त्र शिकवते. मुलं असे लेख वाचूनच उत्तरं लिहितात, म्हणून लेखकांनी त्या वाक्यात ‘सस्तन प्राण्यांत’ एवढं तरी जोडावं.