तीस म्हणजे तीस काय?

काटकोन कुठेही काढा, उभाच राहतो. तो किती, हे मात्र कुणाला विचारता त्यावर ठरतं. शाळेतलं पोर ९० अंश म्हणेल, गणिताचे प्राध्यापक पाय भागिले दोन म्हणतील आणि नाटोच्या तोफखान्यातला माणूस १६०० मिल सांगेल.

माझा छळ चालतो तो साइन ३० वरून. कॅल्क्युलेटर अंशांत असला तर उत्तर ०.५, रेडियनमध्ये असला तर उणे ०.९८८ आणि ग्रेड या तिसऱ्या एककात असला तर ०.४५४. तिन्ही उत्तरं तो सारख्याच ठामपणे देतो. शून्याने भागायला सांगा, लगेच हात वर करतो. इथे मात्र हूं नाही की चूं नाही. पडद्याच्या कोपऱ्यात मुंगीएवढा डी, आर किंवा जी असतो म्हणे. तो दिसायला चष्मा लागतो, आणि चष्म्याच्या वयात साइन काढतो कोण? आम्हीच.

रेडियनवर मी फार चिडत नाही. त्रिज्येएवढा कंस घ्या, केंद्राशी होतो तो एक रेडियन: ५७ अंश, १७ कला, ४५ विकला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा). याच्या कला केल्या की जवळजवळ ३४३८ भरतात, आणि आर्यभटाने 'ज्या'च्या, म्हणजे आपल्या साइनच्या, कोष्टकासाठी त्रिज्या धरली तीही ३४३८ कलांचीच. एवढ्या जुन्या घराण्याला नावं कशी ठेवायची?

ग्रेडचं मात्र कौतुक जमत नाही. फ्रेंच राज्यक्रांतीच्या सुमारास सगळंच दशमान करायची हौस आली, तेव्हा काटकोनाचे शंभर भाग पाडले. सोयीसाठी! आता समभुज त्रिकोणाचा साधा कोन ६६.६६६... करत कागदाबाहेर जातो. त्यापेक्षा बॅबिलोनच्या साठाच्या हिशेबातून आलेला ३६० बरा, सातचा अपवाद सोडला तर दहापर्यंत कुणालाही नाही म्हणत नाही.

पण खरी कटकट एककांपेक्षा टिंबाची. एका गृहस्थांनी जागेचा अक्षांश पाठवला: ४०.३०. फोन केला, तर म्हणाले, "चाळीस अंश तीस कला हो!" म्हणजे ४०.५. मी म्हटलं, "फरक १२ कलांचा पडतो, जमिनीवर बावीसेक किलोमीटर." ते म्हणाले, "तेच ते."

शेजारी रेखांश होता, १२.७५. पंच्याहत्तर कला कुठल्याच अंशात मावत नाहीत, तेव्हा हा दशांशच असणार. पुन्हा फोन करायची हिंमत झाली नाही.